चाळीसगावचा टांगा, वरणगावचे टेंडर

ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे काम उरकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशातून मुंबईला परतत होते. धुळे लाइनवरच्या एका गावात बहिष्काराचे प्रकरण होते. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगाव स्टेशनात उतरले. एक रात्र तरी आमच्याकडे राहा, अशी गळ तिथल्या वस्तीतल्या माणसांनी घातली होती. वस्ती स्टेशनापासून दोनेक मैलांवर. मध्ये नदी, नदीवर दगडी फरशीचा पूल. एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी कसे न्यायचे, म्हणून माणसे टांगा ठरवायला गेली. महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला राजी होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: टांगा भाड्याने न्या, हाकायला तुमचा माणूस आणा. वस्तीतला एक जण लगाम धरून बसला. टांगा हाकायची त्याला सवय नव्हती. पुलाकडे रस्ता काटकोनात वळत होता. पुलाला कठडे नव्हते, कडेने नुसते दगड रोवलेले. चाक दगडाला धडकले, घोडा टांग्यासकट नदीत गेला आणि बाबासाहेब फरशीवर आदळले. पाय मोडला.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकीकत खानदेशात अनेकांना ठाऊक आहे. ती वाचताना अपमान आधी डोळ्यांत भरतो, आणि तो भरायलाच हवा. पण धंद्याच्या अंगाने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट सापडते. भाडे घ्यायला टांगेवाल्यांची ना नव्हती. पैसा दिला, टांगा मिळाला, घोडाही मिळाला. मिळाली नाही ती हाकण्याची विद्या. ती टांगेवाल्यांकडे होती आणि त्यांनी ती स्वतःपाशीच ठेवली.

खानदेशातला दलित किंवा आदिवासी उद्योजक आज सरकारी आणि कंपनी-खरेदीच्या दाराशी उभा राहतो, तेव्हा हाच टांगा पुन्हा समोर येतो. कायदा आहे, टक्केवारी आहे, प्रमाणपत्र आहे, कर्जही आहे. पूल ओलांडायला शेजारी बसून शिकवणारा माणूस अजून फार थोड्यांना भेटतो.

कायदा काय देतो ते आधी पाहू. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचे धोरण जाहीर केले. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षभरातल्या खरेदीपैकी किमान २० टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घ्यायच्या, त्यातला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. १ एप्रिल २०१५ पासून हे बंधनकारक झाले. पुढे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के निराळे ठेवले गेले. बयाणा रक्कम माफ, टेंडरचा संच फुकट. सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या कारखान्याचा असेल आणि लघुउद्योजकाचा दर त्याहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या कमी दरावर येऊन मालाचा काही भाग पुरवण्याची संधी त्याला मिळते. आपल्याकडच्या कायद्यांत इतके नेमके वाक्य क्वचित सापडते.

आणि याच धोरणात एक पळवाटही आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक टेंडरमध्ये उतरलेच नाहीत, किंवा उतरून अटींत अथवा दरात बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढायचे. नोकरीतल्या अनुशेषासारखी ही जागा पुढच्या वर्षासाठी राखून राहत नाही, ती त्याच वर्षी विरून जाते. शिवाय उद्दिष्ट वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजले जाते, एकेका टेंडरवर नाही. म्हणून 'या कामात माझा वाटा कुठे' असे कुणी खिडकीवर जाऊन विचारू शकत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. ४ टक्क्यांचे बंधन आल्यावर कित्येक वर्षे देशभरातली प्रत्यक्ष खरेदी १ टक्क्यापर्यंतही पोहोचली नाही.

खानदेशात ही खरेदी करणारी दारे थोडीथोडकी नाहीत. भुसावळला मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे, विद्युत इंजिनांची कार्यशाळा आहे. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून 'यंत्र इंडिया' या सरकारी कंपनीत गेला आणि काडतुसे बनवणारा वरणगावचा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया'त. रेल्वे काय किंवा या दोन कंपन्या काय, सगळ्यांवर केंद्राचे हे धोरण लागू आहे. वरणगावच्या फाट्यावर उभे राहिले की कारखान्याकडे वळणारे ट्रक दिसतात. आत माल जातो तो कुणाचा, हा प्रश्न आसपासच्या वस्त्यांनी विचारायला हरकत नाही.

एक माणूस डोळ्यांपुढे धरू. माणूस कल्पित आहे. त्याच्यापुढचे कागद खरे आहेत. भुसावळजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. दोन वेल्डिंग मशिन, एक कटर, एक ड्रिल, चार पोरे. दारे, खिडक्यांच्या जाळ्या, शेतातले गेट, कधी शाळेचे बाक. भाव किलोवर सांगतो. गिऱ्हाईकही किलोवरच घासाघीस करते. कुणीतरी त्याला सांगते की कारखान्याला लोखंडी रॅक हवे आहेत, टेंडर निघाले आहे, तू अनुसूचित जातीचा आहेस, तुला फायदा मिळेल.

पहिली पायरी 'उद्यम' नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि मोफत आहे. आधार आणि पॅन असले की होते, जीएसटी लागू असेल तर तो क्रमांकही लागतो. तरीही ठिकठिकाणी दुकानदार तिचे पैसे घेतात आणि सरकारी वाटाव्यात अशा नावांची खासगी संकेतस्थळेही पैसे उकळतात. या अर्जात सामाजिक प्रवर्गाचा एक रकाना असतो. घाईत भरणारा पोरगा तिथे 'सर्वसाधारण' दाबून मोकळा होतो. त्या एका टिचकीने ४ टक्क्यांचा दरवाजा बंद होतो आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. 'ट्रेडिंग' असे काम निवडले तरी तेच. व्यापाऱ्यांना उद्यम क्रमांक मिळतो, पण तो बँकेच्या कर्जापुरता. खरेदी धोरणाचा लाभ माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. बांधकामाची कंत्राटेही या धोरणाबाहेर आहेत. म्हणजे ज्या कामात दलित कंत्राटदार त्यातल्या त्यात जास्त दिसतात, तिथेच ते हाती लागत नाही.

दुसरी पायरी जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जुना खरेदीखताचा कागद. बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली मिळाला. दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे की राज्याच्या, हे पाहायचे टेंडर हाती येईपर्यंत कुणाला सुचत नाही. भागीदारी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातीच्या भागीदारांचा लागतो, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ५१ टक्के शेअर.

या ५१ च्या आकड्यावर थोडे थांबायला हवे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये अल्पसंख्याक उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. १९७२ पासून तिथली पुरवठादार परिषद कृष्णवर्णीय, लॅटिन आणि आशियाई मालकांच्या उद्योगांना प्रमाणपत्र देते. तिथेही अट ५१ टक्क्यांचीच. फरक असा की तिथला तपासनीस मालकी बघून थांबत नाही. धंद्याचे निर्णय कोण घेतो, चेकवर सही कुणाची, कामाचे ज्ञान कुणाला, हेही विचारतो. कारण नाव एकाचे आणि धंदा दुसऱ्याचा हा रोग तिथेही आहे. आपल्याकडे तो जुनाच. पंचायतीत सरपंच बाई आणि कारभारी नवरा, हे खानदेशाने खूप पाहिले आहे. उद्योगात ते होऊ द्यायचे नसेल, तर तपासणी कागदाच्या पुढे, शेडमध्ये जाऊन व्हायला हवी. राष्ट्रीय लघुउद्योग निगमाच्या एक खिडकी नोंदणीत अशी पाहणी होते: यंत्रे बघतात, क्षमता मोजतात आणि किती रुपयांपर्यंतची ऑर्डर झेपेल ते ठरवतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना ही नोंदणी नाममात्र शुल्कात मिळते. शक्य असेल त्याने ती करावीच.

आता आपल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे परत येऊ. कागद झाले, सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलवर खाते उघडले, टेंडर समोर आहे. रॅकचे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे आणि मापातली किती चूक चालेल ते लिहिले आहे. पत्र्याचा टेस्ट रिपोर्ट मागितला आहे. पावडर कोटिंगची जाडी दिली आहे, पॅकिंग कसे असावे ते दिले आहे. माल कारखान्याच्या आत नेऊन द्यायचा, तपासणीत नापास झाला तर स्वखर्चाने परत न्यायचा. उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का कापणार, १० टक्क्यांपर्यंत. आणि दर द्यायचा आहे नगावर, सगळ्यासकट.

किलोवर भाव काढणाऱ्याची गाडी नेमकी इथे अडते. त्याला लोखंडाचा भाव पाठ आहे, मजुरी पाठ आहे. कापताना वाया जाणारा पत्रा तो आजवर भंगारात घालत आला. हिशेबात कधी धरला नाही. पावडर कोटिंग बाहेरून करून आणायचे, त्याचे जाण्या-येण्याचे भाडे. शंभरात चार रॅक परत आले तर? पैसे दोन महिन्यांनी आले, तर तोवर पत्र्याच्या उधारीवरचे व्याज? हे सगळे मिळून तयार होते ती खरी किंमत. ती काढता आली नाही की दोनच गोष्टी होतात. दर चढा लागून काम जाते, किंवा दर पडून काम मिळते आणि त्या कामातच दुकान बुडते. दुसरी गोष्ट अधिक वाईट. कारण मग वर्षानुवर्षे सांगितले जाते, 'यांना ऑर्डर दिली होती, झेपली नाही.'

ही विद्या पिढीजात व्यापाऱ्यांच्या घरात जेवताना शिकवली जाते. जळगावच्या दाणाबाजारातल्या पोराला टक्का, आडत, कसर हे शब्द शाळेआधी कळतात. ज्या घरांना बाजारात बसायचीच बंदी होती, तिथे ते शब्द कुठून येणार?

महाराष्ट्राने या बाबतीत एक मोठा धडा स्वतःच्या पैशाने घेतला आहे. २००४ पासून सामाजिक न्याय विभागाने मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांना भागभांडवल आणि कर्ज द्यायला सुरुवात केली. जिल्ह्याजिल्ह्यांत संस्था नोंदल्या गेल्या, जागा घेतल्या, शेड बांधले. अनेक संस्था उत्पादनापर्यंत पोहोचल्याच नाहीत. माल काय बनवायचा हे ठरले होते, तो कोण घेणार हे ठरले नव्हते. चाळीसगावचाच टांगा, फक्त सरकारी खर्चाने घेतलेला.

याच सुमारास पुण्यात उलट्या टोकाने विचार सुरू झाला. लातूर जिल्ह्यातल्या चोबळी गावचे स्थापत्य अभियंता मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे 'डिक्की', स्थापन केली. त्यामागे अमेरिकेतल्या पुरवठादार-वैविध्याची कल्पना होती आणि दलितांच्या प्रश्नांवर २००२ मध्ये भोपाळला झालेल्या परिषदेतली चर्चाही होती. त्या परिषदेनंतर मध्य प्रदेश सरकारने सरकारी खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांना वाटा देऊ केला होता. रावेरच्या पलीकडे मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर लागते. सीमेपलीकडे झालेला हा प्रयोग खानदेशात त्या वेळी फारसा चर्चिला गेला नाही. डिक्कीचे मुख्य काम ओळख करून देण्याचे. मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी आणि लहान कारखानदार यांना एका टेबलाशी बसवायचे. २०१० मध्ये पुण्यात तिचे पहिले प्रदर्शन भरले, २०१३ मध्ये कांबळे यांना पद्मश्री मिळाली. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू केला. प्रशिक्षण, चाचणीच्या शुल्काचा परतावा, यंत्रांवर २५ टक्के अनुदान हे त्यातून मिळते. आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दलित भांडवलशाहीच्या या वाटेवर कडक टीका केली आहे: मूठभर उद्योजकांनी भूमिहीन मजुराचे काय बदलणार? टीका खोडून काढण्यासारखी नाही. पण भुसावळच्या शेडमधली चार पोरेही मजूरच आहेत, आणि त्यांना बारा महिने काम मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

खासगी कंपन्यांवर असे कोणतेही बंधन नाही. २००६ नंतर भारतीय उद्योग महासंघाने सकारात्मक कृतीची आचारसंहिता केली, टाटा समूहाने स्वतःचे धोरण आखले, सगळे ऐच्छिक. अलीकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्यात पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना दरवर्षी जबाबदारीचा अहवाल भरायला लावला आहे. त्यात लघुउद्योगांकडून किती टक्के कच्चा माल घेतला ते सांगावे लागते. वंचित गटांच्या पुरवठादारांना प्राधान्य देणारे धोरण आहे का, असेल तर खरेदीत त्यांचा वाटा किती, हा प्रश्नही त्यात आहे; त्याचे उत्तर देणे मात्र ऐच्छिक. जळगाव जिल्ह्यात गाडेगावला मोठा कारखाना असलेली सुप्रीम इंडस्ट्रीज असो की दुसरी कोणती कंपनी, खानदेशातल्या वाचकाने हे अहवाल उघडून तो रकाना एकदा बघावा. ते कुणालाही वाचता येतात.

मोठी कंपनी लहान पुरवठादाराला हाताला धरून शिकवते, याचे उदाहरण शोधायला जळगावबाहेर जावे लागत नाही. जैन इरिगेशनने कांद्याचे निर्जलीकरण करण्यासाठी शेतकऱ्यांशी करार करून पांढरा कांदा लावायला सुरुवात केली. बियाणे दिले, किमान भावाची हमी दिली, बांधावर कृषितज्ज्ञ पाठवले. परदेशी गिऱ्हाईक शेतातल्या नोंदी मागू लागले, तेव्हा जागतिक निकष लहान शेतकऱ्याला झेपतील असे सुटसुटीत करून कंपनीने 'जैन गॅप' हे प्रमाणन उभे केले. कोणते औषध कधी मारले, पाणी किती दिले, हे वहीत लिहायला शेतकरी शिकला. कंपनीला कांदा हवा होता, म्हणून ती शिकवायला बांधापर्यंत गेली. जो खरेदीदार दोन एकरवाल्याला प्रमाणपत्रापर्यंत नेऊ शकतो, तो पॅलेट, खोकी, गणवेश, कॅन्टीन पुरवणाऱ्यालाही नेऊ शकतो. जळगावच्या एमआयडीसीत चटया, पाइप आणि डाळी बनवणारे कारखाने रांगेने आहेत, धुळ्यात अवधानला आणि पुढे नरडाण्याला वसाहती आहेत. प्रत्येकाला रोज बाहेरून काही ना काही घ्यावे लागते.

आता एक अवघड मुद्दा. 'अल्पसंख्याक' म्हणून आपल्याकडे खरेदीत वाटा नाही. धुळ्यातला यंत्रमागवाला मोमीन किंवा जळगावचा गादीवाला पिंजारी हा लघुउद्योजक म्हणून २५ टक्क्यांच्या सर्वसाधारण रांगेत उभा राहतो, ४ टक्क्यांत नाही. मौलाना आझाद महामंडळ कर्ज देते. बाजार देत नाही. अनुसूचित जातीच्या यादीला धर्माची मर्यादा आहे, जमातीच्या यादीला नाही. म्हणून यावल-रावेरकडचा तडवी भिल्ल, धर्माने मुसलमान असूनही, अनुसूचित जमातीचा उद्योजक म्हणून ४ टक्क्यांत बसतो आणि त्याच्याच गल्लीतला पिंजारी बसत नाही. दोघांनी मिळून शेड टाकले, तर तडव्याचा हिस्सा ५१ टक्के हवा. मोमीन घरातली बाई खरोखर धंदा सांभाळत असेल, तर महिलांच्या ३ टक्क्यांची वाट तिला मोकळी आहे. धुळ्या-जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रांनी हे साध्या मराठीत, उर्दूत आणि पावरीत छापून मोहल्ल्यांत आणि पाड्यांवर लावले, तर खर्च किती येईल?

काम मिळाले तरी पैसे मिळायचे असतात. कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ४५ दिवसांत बिल चुकते करायचे. नाही केले तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. तक्रार करायची तर लघुउद्योगांची विभागीय सुविधा परिषद आहे, ऑनलाइन पोर्टलही आहे. प्रत्यक्षात ज्याच्याकडे एकच मोठे गिऱ्हाईक आहे, तो तक्रार करत नाही. एकदा केली की पुढची ऑर्डर गेली. म्हणून २०२४ च्या एप्रिलपासून लागू झालेली आयकराची तरतूद महत्त्वाची: सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. इथे पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही, मोठ्या कंपनीचा सीएच आठवण करून देतो. काही खरेदीदारांनी यावर उद्यम नोंदणी नसलेल्यांकडून माल घ्यायची वाट काढली, हेही खरे. बिल आधीच वटवून देणारी 'ट्रेड्स' व्यवस्था आहे; २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. आपल्या लोकांना ती वापरायला शिकवणारे कमी आहेत.

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खानदेशभरातून माणसे जमतात. १९३७ मध्ये एका खटल्यासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. हजारो माणसे, पुस्तकांचे स्टॉल, गाणी. तिथे एका टेबलावर कुणी लॅपटॉप घेऊन बसावे, उद्यमचा तो प्रवर्गाचा रकाना तपासून द्यावा, वरणगावच्या आणि भुसावळच्या वार्षिक खरेदीची यादी भिंतीवर लावावी. धोरणानुसार सरकारी कंपन्यांनी ही यादी दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर टाकायची असते आणि पुरवठादारांचे मेळावेही घ्यायचे असतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी ते टेबल शोभेल.

आपल्या फॅब्रिकेशनवाल्याने टेंडर भरले, असे समजू. दर उघडले तेव्हा तो तिसरा निघाला आणि १५ टक्क्यांच्या थोडा बाहेर राहिला. पोर्टलवर इतरांचे दरही दिसतात. तो संध्याकाळी मोबाईल समोर ठेवून बसतो, शेडमध्ये अजून पेंटचा वास आहे. वहीच्या डाव्या बाजूला लोखंड आणि मजुरी लिहिलेली आहे. खाली तो चार ओळी वाढवतो: वाया पत्रा, कोटिंगचे भाडे, परत आलेला माल, उधारीचे व्याज. मग एका रॅकचे वजन पुन्हा करून बघतो.